कॉर्ड ब्लड बँक : किटला पैकीच्या पैकी, माहितीला भोपळा

लेकीच्या बाळंतपणात जावईबापूंनी हौसेने एका खाजगी बँकेत नाळेचं रक्त साठवायचं ठरवलं, त्यातल्या मूळपेशींसाठी, म्हणजे ज्यांच्यापासून सगळ्या रक्तपेशी बनतात त्यांच्यासाठी. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी चांगलं. किट उत्तम. जाड थर्मोकोलचा डबा, जेल पॅक, रक्त गोठू नये म्हणून औषध भरलेली पिशवी, आईच्या रक्तासाठी वेगळ्या नळ्या आणि सगळ्यांवर एकच बारकोड. पॅथॉलॉजी लॅबमध्ये जन्म गेलाय माझा, खोट काढायला जागा नव्हती. परशुराम घाट बंद होता, तरी कंपनीचा पोरगा चिपळूणहून डबा घेऊन रेल्वेने वेळेत निघाला.

पण त्याचं बोलणं! म्हणे, “काकू, या मूळपेशी नाळेतच बनतात.” अरे, जन्माच्या वेळी नाळ ही नुसती वाट. गर्भाचं पहिलं रक्त तिसऱ्या आठवड्यात पीतक पिशवीत (गर्भाला जोडलेल्या यॉक सॅकमध्ये) दिसतं. जन्मभर पुरणाऱ्या मूळपेशी मात्र त्यानंतर, चौथ्या-पाचव्या आठवड्यात, मुख्यतः महारोहिणीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या) आतल्या अस्तरातून निघतात. अस्तराचीच पेशी रूप पालटून रक्ताची होते. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे झुबके भिंतीला लटकलेले दिसतात. मग मुक्काम यकृतात. रक्त बनवण्याचं मोठं काम कितीतरी महिने तिथेच चालतं. हाडांच्या मगजात त्या तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिरू लागतात, पण मगज सगळा कारभार हाती घेतो तो शेवटी-शेवटी. बाळ जन्मतं तेव्हाही काही पेशी रक्तात फिरत असतात, म्हणून नाळेत सापडतात.

माहितीपत्रकात थॅलेसेमियावर (रक्ताचा आनुवंशिक आजार) बाळाचंच रक्त कामी येईल असं सुचवलंय. जनुकातला दोष त्या पेशींतही असणारच की! १९८८ साली पॅरिसला पहिलं असं रोपण झालं, तेही बहिणीच्या नाळेचं रक्त भावाला देऊन. स्वतःसाठी साठवून ठेवण्याला आयसीएमआरचाही (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचाही) पाठिंबा नाही.

शिवाय पिशवी भरावी म्हणून नाळ लगेच चिमटवा, अशी सूचना. आमच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ धुडकावली. किमान मिनिटभर थांबलं की बाळाला जास्त रक्त आणि लोह मिळतं, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. पिशवी कमी भरली, बिल मात्र पूर्ण आलं.

थोरल्या भावंडाला रक्ताचा आजार असेल आणि डॉक्टरांनीच सुचवलं असेल, तर जरूर साठवा. आमच्याकडे तसं काही नाही. पुढच्या वर्षीची फी भरू नका, असं जावईबापूंना सांगितलंय. ते अजून विचार करतायत.