एक्सप्रेस-वेवर ८० की १००?

एक मित्र आठवड्यातून दोनदा पुण्याहून नवी मुंबईला गाडीने जातो. त्याचा प्रश्न: ८० ने चालवलं तर पेट्रोल वाचतं, पण वेळेचं काय?

घाट हिशोबातून काढा, तिथे १०० ने जायची मुभाच नाही. सपाटीचे ६० किलोमीटर धरू. १०० ने ३६ मिनिटं, ८० ने ४५. म्हणजे फरक नऊ मिनिटांचा. खंडाळ्यात कोंडी लागली तर तेवढी कमाई तिथेच जाते, हे वेगळं.

पेट्रोलचं गणित हवेवर आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० पेक्षा १०० ला सुमारे ५६ टक्के जास्त. माझी जुनी हॅचबॅक ८० ला १९ चं अ‍ॅव्हरेज देते, १०० ला १६. साठ किलोमीटरला साधारण ०.६ लिटरचा फरक. लिटरला १०४ रुपये धरले, तर एका फेरीत साठेक रुपये. नऊ मिनिटांची ही किंमत तुम्हीच ठरवा.

थकवा? मला ८० ला कमी येतो. फक्त उजवी लेन अडवून ८० ने जाऊ नका, मागचे लोक शिव्या देतात आणि बरोबरच देतात.

रोजचा प्रवास, स्वतःच्या खिशातलं पेट्रोल: ८०. मीटिंग गाठायची आहे किंवा पेट्रोल कंपनी देते: १००, त्यापुढे नाही. आणि सगळा प्रवास हिंजवडीच्या सिग्नलांमधलाच असेल, तर हा प्रश्न तुमचा नाहीच. तिथे सिग्नल लांबून पाहून आधीच अ‍ॅक्सिलरेटर सोडा.