विनोदी विज्ञानपटाच्या नावाखाली गुंतवणूक : इंदूरकरांनी सावध राहावे

इंदूरच्या रामबाग आणि लोकमान्य नगर भागांतील काही मराठी कुटुंबांकडून एका विनोदी विज्ञानपटासाठी म्हणून पैसे गोळा करण्यात आले आणि त्यांत आमच्या घरचेही पैसे बुडाले. पैसे गोळा करणारा तोच गृहस्थ तेच कागद घेऊन आता देवास-उज्जैनकडे फिरत असल्याचे कळल्यामुळे हे सविस्तर लिहीत आहे.

कथा खरोखर गमतीची होती. परग्रहावरची फौज पृथ्वीवर उतरते, पण केवायसी अपूर्ण असल्यामुळे तिचे आक्रमण अडकून पडते. भांडवल पर्याप्ततेचे प्रमाण, म्हणजे जोखमीच्या तुलनेत बँकेचे स्वतःचे भांडवल, घसरले की 'बेसल-३' (बँकांच्या भांडवलाविषयीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचे नाव) नावाचा पत्र्याचा यंत्रमानव जागा होतो. बँकेतून निवृत्त झालेले माझे मेहुणे संहिता ऐकून पोट धरून हसले, आणि ज्याला इतके बारकावे ठाऊक आहेत तो या क्षेत्रातला जाणकारच असणार, असा सगळ्यांचा समज तिथेच झाला. संहितेत जे शब्द हसवण्यासाठी होते, ते एस्क्रो, कस्टोडियन (गुंतवणूकदारांची मालमत्ता सांभाळणारी संस्था), श्रेणी दोनचा पर्यायी गुंतवणूक निधी (मोजक्या मोठ्या गुंतवणूकदारांकडून खासगीरीत्या पैसा उभारणारा निधी) हे सारे शब्द करारनाम्यातही ओळीओळीला होते. आम्हाला दोन वर्षांत दुप्पट रकमेची हमी लेखी मिळाली होती.

खरे तर त्यातला एक शब्द तपासला तरी पुरे होते. भांडवल बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या 2012 च्या नियमांनुसार अशा पर्यायी गुंतवणूक निधीत सर्वसाधारण गुंतवणूकदाराला किमान 1 कोटी रुपये गुंतवावे लागतात आणि निधीला जाहीरपणे पैसे मागता येत नाहीत. इथे पन्नास-पन्नास हजार घेतले जात होते. पावतीवर छापलेला नोंदणी क्रमांक सेबीच्या संकेतस्थळावरील यादीत शोधला, तेव्हा तो भलत्याच निधीचा निघाला. एस्क्रो खाते म्हणून जो क्यूआर कोड दिला होता, तो स्कॅन केल्यावर पडद्यावर त्या गृहस्थाच्या पत्नीचे नाव येत होते, आणि विचारले तेव्हा 'तांत्रिक अडचण आहे, तात्पुरते आहे' एवढेच उत्तर मिळाले. एस्क्रोमध्ये पैसा बँकेच्या ताब्यात असतो आणि करारातील अटी पूर्ण झाल्याशिवाय तो सुटत नाही. कोणाच्या घरच्या बचत खात्याला एस्क्रो म्हणता येत नाही.

नोंदणीविना ठेवी गोळा करणे हा 2019 च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्याखाली गुन्हा आहे, आणि मध्य प्रदेशात ठेवीदारांच्या संरक्षणासाठी 2000 सालचा स्वतंत्र कायदाही आहे. ज्यांनी नुकतेच ऑनलाइन पैसे पाठवले असतील त्यांनी 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ कळवावे, कारण रक्कम खात्यातून पुढे सरकण्याआधीच ती गोठवता येते. आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे आणि मंगळवारच्या जनसुनावणीत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्जही करणार आहोत. ज्यांच्याकडे अशी पावती असेल त्यांनी तिची प्रत आणि बँकेचा उतारा जपून ठेवावा, आणि हप्ता बाकी असेल तर तो भरू नये.