९० सीसीच्या कटरला ३/८ की ०.४०४? दोन्ही चेन वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, बहुतेकांना तेवढाच हवा असतो. कटर म्हणजे लाकूड कापायचा चेनसॉ, बार म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती पट्टी, आणि ३/८ व ०.४०४ ही चेनची इंचातली मापं: लागोपाठच्या तीन रिव्हेटमधल्या अंतराच्या निम्मी. २४ इंची बार असेल तर ९० सीसीच्या कटरलाही ३/८ चीच चेन लावा. ०.४०४ मी पावसाळा संपल्यापासून वापरतोय. ती वाईट नाही, पण तिचं काम वेगळं आहे आणि दापोलीकडच्या आमच्या बागांमध्ये ते काम रोज निघत नाही.

माझं मशीन ९१ सीसीचं, पाच किलोवॅटच्या वर ताकदीचं. एवढं मशीन हातात आलं की जो तो म्हणतो, ‘मोठी चेन घाल की!’ हा सल्ला बहुधा जुन्या ०७० वाल्यांकडून येतो. ०७० म्हणजे स्टील (Stihl) कंपनीचं जुनं मशीन; ते १०६ सीसीचं धूड सावकाश फिरायचं, पण जोर भरपूर. त्याला ०.४०४ शोभायची. आजची मशीनं त्याच्यापेक्षा बरीच जलद फिरतात आणि त्या फिरण्यातच त्यांची ताकद आहे. फेरे कमी झाले की मशीन मेलं.

आता हिशोब बघा. ३/८ म्हणजे तीन सूत, साडेनऊ मिलिमीटर. ०.४०४ म्हणजे सव्वादहा. फरक एक मिलिमीटरसुद्धा नाही, मग एवढी चर्चा कशाला? तर सात दाती स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं चाक, एका फेऱ्यात ३/८ ची चेन साधारण १३३ मिमी ओढतं आणि ०.४०४ ची १४४. म्हणजे चढावर सायकलचा एक गिअर वर टाकून पॅडल मारण्यातला प्रकार. त्यात ०.४०४ चा दात रुंद, त्यामुळे चीर रुंद पडते. शिवाय दातापुढचा उंचवटा ३/८ ला दाताच्या धारेपेक्षा ०.६५ मिमी खाली ठेवतात, हिला ०.८०, म्हणजे प्रत्येक दात घासही जाड घेणार. इंजिन तेच आणि ओझी तीन.

दीड-दोन फुटी ओल्या आंब्यात ३/८ सरळ पुढे जाते. वाळलेल्या ऐनात तर फरक फारच जाणवतो: ०.४०४ ला जरा दाब दिला की आवाज खाली येतो, हात उचलावा लागतो, पुन्हा फेरे चढू द्यावे लागतात. (आंबा, फणस, ऐन, किंजळ ही सगळी १९६४ च्या वृक्षतोड कायद्यातली झाडं आहेत. चेन कुठलीही लावा, परवानगीचा कागद आधी.) फांद्या छाटायला ०.४०४ मुळीच नको. बारीक फांदीत तिचा मोठा दात अडकून हिसका देतो आणि संध्याकाळी मनगटं बोलतात.

मग ती जिंकते कुठे? ३६ इंची बार, तीन फुटांच्या वरचा बुंधा आणि सालीत घुसलेली लाल माती. वादळात उन्मळून पडलेलं जुनं झाड, अर्धं चिखलात, ते कापायचं असेल तेव्हा ही चेन लावावी. मातीत कुठलीच चेन टिकत नाही, पण हिच्या दाताला लोखंड जास्त, त्यामुळे अंमळ उशिरा बोथट होते आणि कानस मारायला वाव जास्त राहतो. लांब बारवर ताणही कमी वेळा द्यावा लागला. शिवाय त्याच लांबीत दात पाच-सहा कमी, तेवढी कानस कमी. जाड भुसा भराभर बाहेर फेकते, चीर तुंबत नाही.

फळ्या पाडायला मात्र मी पुन्हा ३/८ कडेच वळलो. फणसाचं लाकूड महाग, आणि प्रत्येक फळीमागे रुंद चिरेचा भुसा उडालेला बघवत नाही. त्यासाठी एक ३/८ ची चेन ३० ऐवजी १० अंशांनी घासून ठेवली आहे. पृष्ठभाग बराच साफ येतो. मशीनला लागतो तो वेळ लागतोच, तिथे घाई करू नये.

बदलायचं ठरवलंत तर नुसती चेन घेऊन भागत नाही. स्प्रॉकेटचा रिम, म्हणजे त्याचं दाती कडं, बदलायचा; ते क्लिप काढून पाच मिनिटांत होतं. खरी फसगत बारच्या नाकाशी, म्हणजे पुढच्या टोकाशी आहे. दोन्ही चेन बारच्या १.६ मिमीच्या खाचेत बसतात, म्हणून पाहणाऱ्याला वाटतं जमलं. पण नाकातलं चाक ज्या मापाचं, त्याच मापाची चेन लागते. नाहीतर चाकाचे दात खाल्ले जातात आणि चेनही जाते. कानसही वेगळी: माझ्या ३/८ ला ५.२ मिमी, ०.४०४ ला ५.५. पिशवीत दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून एकीच्या मुठीला लाल रंग फासलाय. तालुक्याच्या दुकानात ३/८ मला रोलमधून कापून मिळते, ०.४०४ मागवावी लागते आणि येईपर्यंत काम अडतं. हंगामात हे दुखणं मोठं.

७० सीसी किंवा त्याखालचं मशीन असेल तर ०.४०४ चा विचारही नको.

सध्या मशीनवर २४ इंची बार आणि ३/८ आहे. ०.४०४ चा बार, रिम आणि चेन एकत्र बांधून ठेवलेत, म्हणजे अर्धा संच घेऊन कोणी जंगलात जायचं नाही. जुनं मशीन घेत असाल तर विकणाऱ्याच्या तोंडावर विसंबू नका. बारवरचा आकडा वाचा, आणि पुसला असेल तर चेनचे लागोपाठचे तीन रिव्हेट मोजा. पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत १९ मिमीच्या आसपास भरलं तर ३/८, साडेवीस भरलं तर ०.४०४.