नावांचे अर्थ सांगणारे अॅप: ‘सेलेना’च्या नोंदीवरून केलेली पारख

नावांचे अर्थ सांगणाऱ्या अॅपची पारख करायची, तर ज्याचे मूळ पक्के ठाऊक आहे असे एखादे नाव त्यात शोधून पाहावे. ‘सेलेना’ हे तसे नाव आहे, कारण ते ज्या ग्रीक चंद्रदेवतेवरून आले त्या सेलीनीची वंशावळ हेसिअड या कवीने इसवी सनपूर्व 700च्या सुमारास नोंदवून ठेवली आहे: हायपेरिऑन आणि थिया यांची ती कन्या, सूर्यदेव हेलिऑस तिचा भाऊ आणि उषादेवी इऑस तिची बहीण. अॅपमध्ये हे सारे बिनचूक आहे. लॅटमॉस पर्वतावर चिरनिद्रेत असलेल्या एन्डिमिऑन या देखण्या तरुणावर तिचे मन जडल्याची कथा नेटकेपणाने दिली असून, त्या दोघांना पन्नास मुली झाल्या हा सहसा गाळला जाणारा तपशीलही तिथे सापडतो.

घोळ आहे तो खालच्या ‘संबंधित नावे’ या पट्टीत. तिथे सिंथिया, डायना आणि सेलिन ही नावे एकाच चंद्रकोरीच्या चिन्हाखाली ओळीने मांडली आहेत. सिंथिया हे मुळात ग्रीकांची शिकारदेवता आर्टेमिस हिचे विशेषण, डेलॉस बेटावरील किन्थॉस पर्वतावरून पडलेले. डायना ही आर्टेमिसशी जोडली गेलेली रोमन देवता. पुढच्या काळातील कवींनी सेलीनी आणि आर्टेमिस यांना एकरूप मानले, त्यामुळे ही दोन नावे एक वेळ चालवून घेता येतील; फ्रेंच ‘सेलिन’ मात्र रोमन कुलनामातून आलेले आहे आणि चंद्राशी त्याचे नाते केवळ उच्चारापुरते आहे. उलट सेलीनीची खरी रोमन प्रतिरूप असलेली लुना पट्टीत नाहीच! ‘सविस्तर व्युत्पत्ती’साठी वेगळे पैसे घेणाऱ्या अॅपकडून ही ढिलाई खटकते.

प्रसिद्ध व्यक्तींमध्ये सेलेना क्विंतानिया (1971–1995) आणि सेलेना गोमेझ या दोन्ही गायिका आहेत, परंतु दुसरीचे नाव पहिलीवरूनच ठेवले गेले, हे सांगितलेले नाही. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसने 1817 मध्ये शोधलेल्या सेलेनियम या मूलद्रव्याचे नाव याच देवतेवरून पडल्याची नोंद मात्र आवर्जून केली आहे. ग्रीक आणि स्पॅनिश उच्चार वेगवेगळे ऐकवण्याची सोय उत्तम आहे.

मोफत आवृत्ती जरूर वापरावी. संबंधित नावांची पट्टी दुरुस्त होईपर्यंत सशुल्क आवृत्ती घेण्याची शिफारस मी करणार नाही.