70 रुपयांत दोन महापालिका फिरून आलो

पीएमपीच्या, म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या शहर बसच्या, दिवसभराच्या पासबद्दल लिहितोय. आई अजून पीएमटीच म्हणते, 2007 ला पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक झाल्या हे तिला सांगून काही उपयोग नाही. तर गाडी सर्व्हिसिंगला टाकलेली, सकाळी भोसरीला बॉक्सचं सॅम्पल दाखवायचं होतं आणि दुपारी वाघोलीला गोडाऊन बघायचं, म्हटलं चला आज बसनेच. 70 चा पास काढला आणि धनकवडी, स्वारगेट, मनपा (महापालिका भवनाचा स्टॉप), भोसरी, परत मनपा, मग वाघोली आणि रात्री घरी, सुट्टे पैसे दिवसात एकदाच शोधले. फुल्ल वसूल.

भोसरीला जाताना हॅरिस ब्रिज ओलांडला की महापालिका बदलते, पुणे संपून पिंपरी-चिंचवड सुरू, पण बसमधे कोणाला पत्ता पण नसतो. तोटा दोन्ही महापालिका 60-40 भरतात, गाडी मात्र एकच. भोसरीच्या शेठनी चहा पाजत जुनं पुराण काढलं, 1970 ला पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी अशी 4 गावं मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली, 1982 ला महापालिका, "कारखाने आले म्हणून गावं एक झाली, नायतर आम्ही अजून ग्रामपंचायतीतच दाखले काढत बसलो असतो." आता गंमत बघा, एवढं आयटी पार्क आलं तरी हिंजवडी अजून ग्रामपंचायतच! आणि फुरसुंगी, उरुळी देवाची 2017 ला पुणे मनपात घेतली, 2024 ला बाहेर काढून वेगळी नगरपरिषद, म्हणजे लग्न लावून दिलं आणि 7 वर्षांनी परत माहेरी.

माझं म्हणाल तर सगळं मिळून एकच अवाढव्य महापालिका करायची काही गरज नाही, आहे तीच सांभाळताना दमछाक होतेय, पण पाणी, कचरा, रस्ते हे बससारखं हद्दीपलीकडे एकत्र चालवा की, पोटापाण्यासाठी माणूस रोज तीन हद्दी ओलांडतोच.

5 पैकी 4 स्टार. एक कापला कारण अख्ख्या पीएमआरडीए हद्दीचा (दोन्ही शहरं आणि आजूबाजूची गावं) पास हवा असेल तर एकदम 150, म्हणजे जो लांबून कामाला येतो त्यालाच डबल.

वाघोलीचं गोडाऊन नाही घेतलं. 2021 ला 23 गावं पुणे मनपात घेतली त्यात वाघोली पण आली ना, मालकाने भाडं सांगितलं, मी म्हटलं जरा जास्त वाटतंय, तर म्हणतो "अहो आता आम्ही कार्पोरेशनमधे आहोत."