रताळ्यानंतरचा मोकळा वाफा: पानांची चिकोरी की रॅडिकिओ?

रताळी काढून झाली की आमच्या परसातले दोन-तीन वाफे थंडीसाठी मोकळे होतात. बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या पलीकडची तांबडी माती, वर पाणी थांबत नाही, हिवाळी भाजीला उत्तम. गेले 4 हिवाळे त्यात मी पानांची चिकोरी आणि रॅडिकिओ शेजारी शेजारी लावतो आहे. पाव्हणेरावळे बघून जातात आणि बियाणं आणायच्या आधी फोन करतात, दोन्हींतलं कुठलं घेऊ म्हणून. त्यांना तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो ते इथं सलग लिहितो.

चिकोरी म्हटलं की आपल्याकडे कॉफीत मिसळायची भाजलेली मुळी आठवते. युनानीवाले जिला कासनी म्हणतात तीही हीच. मी बोलतोय ती भाजीची, लांब पानांची, करवतीसारख्या कडांची इटालियन जात, तिचं नाव कातालोन्या. आणि रॅडिकिओ म्हणजे लाल गड्डा धरणारी जात. मी लावली ती गोल गड्ड्याची, व्हेनिसजवळच्या किओज्जा गावाच्या नावाची. दोन्ही एकाच वनस्पतीच्या जाती आहेत आणि दोन्हींतला कडूपणाही एकाच घराण्यातला, म्हणून चवीवरून निवड करायला बसलात तर फार वेळ जाईल. आपल्याकडे निवड होते ती हवामानावरून.

परतीचा पाऊस ऑक्टोबरच्या मध्याला आटोपतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे चांगला गारठा पडतो, आणि फेब्रुवारी लागला की दुपारचा पारा तिशी ओलांडून जातो. हातात खरे थंड दिवस थोडेच. कातालोन्याला तेवढे पुरतात, कारण पेरल्यापासून 50-60 दिवसांत तिची पानं कापायला येतात आणि बुडखा ठेवून कापलं की पुन्हा फुटतात. बी थेट वाफ्यात पेरावं, वीतभर अंतरावर विरळावं, झालं. रॅडिकिओला लावणीपासून सव्वादोन-अडीच महिने तरी हवेत, आणि गड्डा भरायची वेळ बरोबर कडाक्याच्या थंडीत यायला हवी. त्यासाठी सप्टेंबरात, बाहेर पाऊस पडत असताना, ट्रेमध्ये आडोशाला रोपं करावी लागतात. लाल रंगही थंडीनंच चढतो. रोपं 15 दिवस उशिरा लागली तर गड्डे हिरवट राहतात आणि पोकळ.

एवढ्यापर्यंत मला रॅडिकिओची तक्रार नव्हती. मेहनत करायला ना नाही. माझं मन फिरलं ते दुसऱ्या वर्षीच्या जानेवारीत.

पुण्याहून ताई येणार होती. तिला दाखवायला एक गड्डा मी तीन आठवडे राखून ठेवला होता. मुठीएवढा झाला, मग दोन मुठींएवढा, दाबला तर घट्ट, बाहेरची पानं तजेलदार, पांढऱ्या शिरा उठून दिसत होत्या. तिच्यासमोरच कापला. आत मधली पानं कडांनी तपकिरी पडून गळालेली, बोट लावलं तर चिकट. वरून कुठेही डाग नव्हता. त्या दिवशी आणखी दोन कापले, त्यातला एक तसाच.

मग शोध घेतला. हा रोग बाहेरून येत नाही. झाडाला मातीतलं कॅल्शियम मिळतं ते पाण्याच्या ओढीबरोबर, आणि पाण्याची ओढ लागते उघड्या पानांना, कारण त्यांच्यातूनच बाष्प उडतं. मिटलेल्या गड्ड्यातल्या कोवळ्या पानांपर्यंत ते पुरेसं पोचत नाही. झाड जोरात वाढत असलं तर त्या पानांच्या कडा आधी मरतात आणि मागून सड शिरते. कोबीला, लेट्यूसलाही हे होतं. आमच्याकडे पहाटे दव आणि धुकं, दुपारी कडक ऊन, त्यात मी हौसेनं घातलेलं शेणखत. वाढ जोरात, मग आत सड. पुढच्या वर्षी खत निम्म्यावर आणलं, पाणी रोज थोडं थोडं दिलं, वाफ्यावर भाताचं पिंजर पसरलं, लावणीआधी मातीत चुनाही मिसळला. फरक पडला. पण 20 रोपांत 13 गड्डे धरले आणि त्यातले 4 आतून गेलेले निघाले. ज्यांच्याकडे ठिबक आणि शेडनेट आहे त्यांचं कदाचित याहून बरं निघेल. मी माझ्या वाफ्याचं सांगतोय.

नुकसान 4 गड्ड्यांचं, ते सोसता येतं. न सोसणारी गोष्ट ही की कापेपर्यंत कळत नाही. मेथीत, करडईत, शेपूत जे बिघडलंय ते सकाळी पाणी घालतानाच दिसतं आणि त्याच दिवशी काही करता येतं. कातालोन्या तशीच उघडी भाजी आहे. मावा आला तर पानाच्या मागे दिसतो, गोगलगाईनं खाल्लं तर भोक दिसतं, खराब पान खुडून टाकलं की बाकीचं झाड आपलं. तीन महिने सांभाळलेलं पीक शेवटच्या क्षणापर्यंत मला काही सांगत नाही, हे मला सहन झालं नाही.

आता स्वयंपाकघरात या. रॅडिकिओचा चांगला गड्डा निघाला तर कच्चा खाण्यात त्याला तोड नाही. बारीक चिरून अर्धा तास गार पाण्यात ठेवा, कडूपणा उतरतो. मग निथळून दाण्याचं कूट, दही, चिमूटभर गूळ आणि वरून हिंग-मोहरीची फोडणी. ताटात तो लाल-पांढरा रंग बघून मुलं आपणहून हात पुढे करतात. शिजवताना मात्र सांभाळा. तव्यावर चार फोडी तेल-मिठावर परतल्या तर सुरेख लागतात, पण रंग तपकिरी होतो, आणि लोखंडी कढईत तर निळसर काळा. आमसुलाचं पाणी किंवा लिंबू आधीच घातलं तर लाली थोडी टिकते. फ्रिजमध्ये तीन आठवडे सहज राहतो, हाही त्याचा मोठा गुण.

कातालोन्या शिजवायची भाजी, आणि इथं ती आपल्या घरची होऊन जाते. पानं मिठाच्या उकळत्या पाण्यात 4 मिनिटं ठेवायची, पिळून चिरायची, आणि भरपूर लसूण-लाल मिरचीच्या फोडणीवर परतायची. रोममधली माणसंही तिला आधी उकडून मग लसूण-मिरचीच्या तेलात परततात. दक्षिण इटलीतल्या पुलिया भागात सोललेल्या सुक्या बाकल्याच्या दाण्यांचं, म्हणजे तिथल्या रुंद घेवड्याच्या दाण्यांचं, मऊ वरण घोटून त्याच्याबरोबर ही भाजी खातात. ते समजल्यावर आईनं तूरडाळीत तिचं गरगटं केलं, मेथीचं करतात तसंच, फक्त भाजी आधी उकडून. ज्वारीच्या भाकरीबरोबर ते आता आमच्याकडे थंडीत आठवड्याला होतं.

शेजारच्या अक्का बैलहोंगलकडच्या. त्यांनी पहिल्याच वर्षी कोवळं पान चावून बघितलं आणि म्हणाल्या, ही तर आमची हक्करकी! हक्करकी म्हणजे आपली पाथरी, जी ज्वारीच्या रानात उगवते आणि तिकडे रोट्टीबरोबर कच्ची खातात. पाथरी खरंच चिकोरीच्या कुळातली. तेव्हापासून पहिली कोवळी कापणी अक्कांकडे जाते, कांदा आणि शेंगाचटणीबरोबर.

आणखी एक गोष्ट माझ्यापुरती महत्त्वाची ठरली. फेब्रुवारीत ऊन चढलं की दोन्ही झाडं फुलाचा दांडा काढतात. रॅडिकिओनं दांडा काढला की गड्डा फाटला आणि पीक संपलं. कातालोन्याचा कोवळा दांडा मात्र खायचा असतो. रोममध्ये तिच्या अशाच कोंबांना पुंतारेल्ले म्हणतात. उभे चिरून गार पाण्यात टाकले की त्यांच्या काड्या वळून कुरळ्या होतात, मग लसूण, अँकोव्ही मासळी आणि व्हिनेगर घालतात. आम्ही लसूण, लिंबू आणि थोडं जवळ्याचं कूट घालतो. म्हणजे उन्हाळा लवकर आला तरी वाफा वाया जात नाही. चार झाडं तशीच सोडावीत. निळी फुलं येतात, सकाळी उमलतात, दुपारच्या आत मिटतात.

तरीही रॅडिकिओ कोणी लावावं? तुमच्या घरी कच्चं खाणारी माणसं जास्त असतील, सप्टेंबरात रोपांसाठी पत्र्याचा आडोसा असेल आणि पाणी रोज मोजून देणं जमत असेल तर जरूर लावा. रोपांत 25-30 सेंटिमीटर अंतर ठेवा, शेणखत हात राखून घाला, गड्डा घट्ट लागला की मोठा व्हायची वाट न पाहता काढा. मी राखून ठेवला तीच चूक झाली, असं आता वाटतं. पहिल्यांदाच लावणार असाल, वाफा एकच असेल, तर मी कातालोन्याचं बी घ्या असं सुचवीन. दर तीन आठवड्यांनी दोन ओळी, ऑक्टोबर ते डिसेंबर.

यंदा माझे दोन वाफे तिचेच आहेत. कडेला 8 रोपं रॅडिकिओची लावलीत, ताई जानेवारीत पुन्हा येणार आहे.