मोठ्या ऑपरेशनआधी: नुसतं संगीत की कल्पनाचित्रण?

ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप उडते. अशा वेळी संगीत आणि कल्पनाचित्रण (कुणाच्या तरी आवाजाच्या आधाराने मनात शांत दृश्य उभं करणं) या दोन्ही गोष्टी उपयोगी पडतात, पण मागणी वेगवेगळी करतात.

संगीत रुग्णाकडून काहीच मागत नाही. हेडफोन लावले, डोळे मिटले की झालं. २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७३ चाचण्यांचा, सुमारे ७००० रुग्णांचा एकत्रित आढावा आला होता. संगीत ऐकणाऱ्यांना वेदना आणि चिंता कमी जाणवली, वेदनाशामकंही कमी लागली. संपूर्ण भूल दिलेली असतानाही थोडा फायदा दिसला, हे मला फार विलक्षण वाटतं. रुग्णालयातला मुक्काम मात्र घटला नाही. संथ लयीचं, शक्यतो शब्द नसलेलं संगीत निवडावं. पण रुग्णाला ते आवडायला हवं, हे पहिलं.

कल्पनाचित्रणात एक आवाज आपल्याला हळूहळू घेऊन जातो: श्वास मंद होतोय, आपण सुरक्षित जागी आहोत, तिथला वारा, वास, पायाखालची माती. मन गुंतलं की भीतीला जागा उरत नाही. पण त्याला सराव लागतो, म्हणून चार-पाच दिवस आधी सुरुवात करावी. जुना आघात मनात असेल तर डोळे मिटल्यावर नको ते वर येऊ शकतं; तेव्हा प्रशिक्षित थेरपिस्ट सोबत हवाच.

हाताशी वेळ असेल तर मी कल्पनाचित्रण शिकायला सांगेन, मागे मंद संगीत ठेवून. ऑपरेशन उद्यावर आलं असेल, तर फक्त संगीत. आणि भूलतज्ज्ञांना आधी विचारून ठेवा, हेडफोन कुठपर्यंत चालतील ते.